उसनं नाक

संत्रानगरी मधपाळ मंडळाच्या वार्षिक मध प्रदर्शनात आभार मानायचं काम दरवर्षी उमरेडच्या नत्थूजी खोब्रागड्यांकडे असतं. आपल्याकडे आभारप्रदर्शनाचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'आता आभार' असं म्हणायचा अवकाश, खुर्च्या सरकायला लागतात, बाया पिशव्या गोळा करतात, आणि पुरुषमंडळी जेवणाच्या रांगेत नंबर लावायला निघतात. माइकवरचा बिचारा भिंतींचे आभार मानून खाली उतरतो. नत्थूजींच्या वेळी मात्र निम्मं सभागृह बसून राहायचं, कारण या माणसाला आभार मानायची हौसच दांडगी. मंडपवाल्याचं नाव घ्यायचे, पाण्याचे कॅन वर चढवणाऱ्याचं घ्यायचे, चपला नीट लावून ठेवणाऱ्याचंही घ्यायचे. एका वर्षी तर वेळेवर फुलल्याबद्दल त्यांनी काटोलच्या संत्र्याच्या झाडांचे आभार मानले होते. आपलं नाव येईल या आशेनं लोक थांबायचे, आणि बहुतेकांचं यायचंही.

हा स्वभाव नुसता माइकपुरता नव्हता. एसटीतून उतरताना ते कंडक्टरला हात जोडायचे. दाढी करून झाली की न्हाव्याला 'मेहरबानी जी' म्हणायचे. फक्त घरच्या उंबरठ्याशी आले की हे सगळं बाहेर चपलेजवळ ठेवून आत जायचे. बायकोचे, म्हणजे प्रेमिलाबाईंचे, त्यांनी पस्तीसेक वर्षांच्या संसारात एकदाही आभार मानले नव्हते. घरच्या माणसाचे कोणी आभार मानतं का, असं त्यांचं मत. हे मत त्यांच्या एकट्याचं नाही, निम्म्या विदर्भाचं आहे, तेव्हा त्यावरून त्यांनाच धारेवर धरण्यात अर्थ नाही.

नत्थूजी उमरेडजवळच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. डंपर दारात येऊन उभा राहिला की बोनेट उघडायच्या आधीच ते नुसत्या वासावरून सांगायचे, क्लच जळाला की ब्रेकचं लायनर गेलं. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना अशाच एका बंद पडलेल्या डंपरच्या केबिनमध्ये मधमाश्यांचा थवा येऊन बसला. बाकीचे टायर पेटवून धूर करायला निघाले होते. नत्थूजींनी त्यांना थांबवलं आणि कोणाकोणाला विचारत काटोलच्या मधुकररावांचा फोन मिळवला. मधुकरराव संत्र्याचे बागायतदार, मधपाळ मंडळाचे संस्थापक. नाव मधुकर आणि माणूस नावाला जागलेला. आपली लाकडी पेटी मोटारसायकलला बांधून ते काटोलहून थेट उमरेडला आले, माश्या पेटीत घेतल्या, आणि जाताना ती पेटी नत्थूजींच्याच हवाली करून गेले. म्हणाले, "तुमच्याकडे आल्या न त्या. मंग तुम्हीच सांभाळा."

त्या एका पेटीच्या पुढे पंधरा-वीस झाल्या. निवृत्त झाल्यावर आपल्या वयाची माणसं पानठेल्यावर बसून सरकारला शिव्या देतात; नत्थूजी तोंडावर जाळी घालून पेट्यांपुढे बसायला लागले. दर जानेवारीत, संत्र्याचा आंबिया बहर फुलायच्या बेताला, छोट्या टेम्पोत पेट्या घालून ते मधुकररावांच्या बागेत न्यायचे. मधुकररावांनी त्या जागेसाठी कधी काही मागितलं नाही. उलट बहरात बागेवर फवारणी करायचं बंद केलं. नत्थूजी त्यांचे आभार वर्षातून इतक्या वेळा मानायचे की शेवटी मधुकररावच कंटाळून म्हणाले, "नत्थूभाऊ, आता एखादी शिवी दे गा, तोंडाले चव येईल."

मग कोरोनाची दुसरी लाट आली आणि नत्थूजी आडवे झाले. जीव वाचला, पण वास गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. नत्थूजी रोज सकाळी कापूर हुंगायचे, लिंबू चिरून नाकाशी धरायचे. काहीच नाही. जिभेला गोड कळायचं, खारट कळायचं, तर्रीचा झणकाही लागायचा. बाकी सगळं पुसून गेलेलं. संत्र्याच्या बहराचा मध आणि साखरेचा पाक, दोन्ही नुसते गोड.

घरात हे लपलं नाही. दूध उतू जाऊन करपत होतं आणि नत्थूजी शेजारीच बसून शांतपणे पेपर वाचत होते. प्रेमिलाबाई अंगणातून धावत आल्या, गॅस बंद केला, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यांना समजायचं ते समजलं. बाहेर मात्र कोणाला सांगायचं नाही, असं नत्थूजींनी बजावलं. मधपाळाला वास येत नाही म्हणजे सोनाराला दिसत नाही म्हटल्यासारखं. मंडळातली माणसं काय म्हणतील, मधुकरराव काय म्हणतील.

आता प्रेमिलाबाईंच्या नाकाविषयी सांगायला हवं. या नाकानं आयुष्यभर नत्थूजींच्या नाकी नऊ आणले होते. चौकातल्या टपरीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचा, चूळ भरायची, वर मूठभर बडीशेप चघळायची, आणि एवढं करून घरी यावं तर दारातच विचारणा, "खाल्ला?" मुलगी पायल लहान असताना शाळेतून आली की दप्तर न उघडता आई सांगायची, डब्यातली भेंडी तशीच परत आणलीस. शेजारच्या बायका पावसाळ्यात डाळ-तांदूळ दाखवायला यायच्या, वास लागला का बघा म्हणून. असलं नाक घरात असणं हा नवऱ्यावर अन्यायच, असं नत्थूजी वर्कशॉपात सांगायचे.

एक दिवस त्यांनी घरामागची पेटी उघडली. माश्या चिडल्या की एक वास सोडतात, पिकल्या केळ्यासारखा. एकीनं सोडला की बाकीच्यांना तो इशारा असतो. जुना मधपाळ त्या वासावर पेटी मिटतो आणि मागे सरतो. नत्थूजींना तो आलाच नाही. ते आपले पोळ्याची चौकट हातात धरून उभे, आणि माश्या जाळीच्या आत शिरायला लागल्या. तेवढ्यात मागच्या दारातून प्रेमिलाबाई ओरडल्या, "पायलचे बाबा, पेटी मिटा. केळं पिकल्यावानी वास येऊन राहिला." तोवर मानेवर बऱ्याच बसल्या होत्या. त्या रात्री हळद लावताना प्रेमिलाबाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी पेटी उघडाची असली का मले हाक मारत जा."

तेव्हापासून हे सुरू झालं. नत्थूजी पेटी उघडायचे, चौकट वर काढून धरायचे, आणि समोरून प्रेमिलाबाई वाकून हुंगायच्या. अळ्यांना रोग लागला की आंबूस वास येतो, तो त्यांनी वेळेत पकडला म्हणून दोन पेट्या वाचल्या. मध काढतानाही त्याच. गेल्या वर्षी काटोलला काढणीच्या वेळी त्यांनी दोन चौकटी बाजूला ठेवायला लावल्या. म्हणाल्या, "याच्यात संत्रं नाई. सांबार हाय." सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर; पुण्याकडच्यांनी डोशाबरोबरचं समजू नये. चौकशी केली तर खरंच, बागेपलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कोणीतरी धण्यासाठी सांबार फुलू दिला होता. त्या चौकटी वगळून जो मध भरला तो शंभर टक्के संत्र्याचा. त्याला मंडळाचा कप मिळाला. मधुकररावांनी माइकवरून सांगितलं, "नत्थूभाऊचं नाक म्हणजे मंडळाची शान हाय." नत्थूजींनी कप घेतला, मंडपवाल्यापासून सगळ्यांचे आभार मानले, आणि खाली उतरले. प्रेमिलाबाई तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होत्या.

त्या आनंदात नत्थूजी एक गोष्ट विसरले. मंडळाचा नियम असा की ज्याचा मध पहिला येईल त्यानं पुढच्या वर्षी स्पर्धेत उतरायचं नाही, परीक्षकाच्या खुर्चीत बसायचं. एकाच माणसानं दरवर्षी कप घरी नेऊ नये म्हणून मधुकररावांनीच तो काढलेला. यंदा फेब्रुवारीत मधुकररावांचा फोन आला, "पत्रिकेत नाव छापून टाकलं गा तुमचं," आणि नत्थूजींना तो नियम आठवला.

"सांगून टाका न," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "गेलं नाक तं गेलं. चोरी केली का?"

"अन् मागच्या सालचा कप? लोक म्हणतीन, फसवून नेला. मधुकरराव माइकवर बोलले होते. त्याइचं काय?"

"मंग बिमार पडा."

बिमार पडणंही जमेना, कारण मग आभार कोण मानणार. शेवटी नत्थूजींनी मनाशी एक युक्ती ठरवली. परीक्षक दोन असतात. दुसरी कामिनी, मधुकररावांच्या ओळखीतली, नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत मधच तपासायची. तिनं मान डोलावली की आपण डोलवायची, तिनं तोंड वाकडं केलं की आपणही करायचं. नक्कल करून पास व्हायचं, एवढा साधा हिशेब.

मार्चातल्या एका रविवारी सकाळच्या बसनं दोघं नागपूरला आले. प्रदर्शन सदर भागातल्या एका सभागृहात होतं. पांढऱ्या चादरींवर बाटल्या मांडलेल्या, पिवळ्याधमक, तांबूस, काळसर. एका कोपऱ्यात मेणाच्या वड्या, एका कोपऱ्यात काचेच्या पेटीत जिवंत माश्या, आणि तिच्यापुढे पोरांची झुंबड. एक गृहस्थ दरवर्षीप्रमाणे सगळ्यांना पटवून देत होते की खऱ्या मधाला कुत्रा तोंड लावत नाही. दारात तर्री-पोह्यांच्या प्लेटा फिरत होत्या. परीक्षकांना त्या वर्ज्य, कारण तर्रीनंतर जीभ दिवसभर कामातून जाते. कामिनीनं पाण्याचे दोन ग्लास घेतले आणि म्हणाली, "चला काका, आत बसू."

आतल्या खोलीत लांब टेबलावर स्पर्धेच्या बाटल्या होत्या. कोणावर नाव नाही, नुसते आकडे. सुरुवात बरी झाली. बाटली गळ्यापर्यंत भरली आहे का, वर फेस आहे का, तळाशी मेणाचा कण आहे का, झाकण पुसलेलं आहे का, हे बघायला नाक लागत नाही. फिटरचा डोळा होता, नत्थूजींनी भराभर पाच-सहा बाटल्या बाद केल्या. कामिनी खूश झाली. मग ती चमचे पुढे करून म्हणाली, "आता चव आणि वास. काका, आधी तुम्ही. तुमचं ऐकून मग मी लिहिते. मागच्या वर्षीच्या तुमच्या मधासारखा मध मी लॅबमध्येही पाहिला नाही."

ती आधी मान डोलावणार, मग आपण, हा सगळा बेत तिथंच कोसळला. नत्थूजींनी चमचा तोंडात घातला. गोड. दुसरा. गोड. त्यांनी डोळे मिटून, जरा थांबून, 'बरा हाय', 'ठीक', 'हा चांगला' असं म्हणायला सुरुवात केली. रंगावरून, घट्टपणावरून अंदाज ठोकायचे. सतरा नंबरची बाटली उचलली तेव्हा त्यांना हायसं वाटलं. सोन्यासारखा रंग, तार धरणारा मध, कुठे फेसाचा ठिपका नाही, झाकणावर बोटाचा ठसा नाही. त्यांनी चमचा चाटला आणि ठासून सांगितलं, "हा. हा पहिला."

कामिनीनं चाखला. ती थांबली. पुन्हा चाखला, पाणी प्याली, बाटलीला नाक लावलं, पेन्सिलीनं कागदावर एक आकडा लिहिला.

"काका, मला काहीतरी वेगळाच वास येतोय. पण…" ती हसली, स्वतःवरच. "तुम्ही म्हणताय तर माझंच चुकत असेल. सकाळपासून डोकं जड आहे माझं." आणि तिनं आपल्या कागदावर सतरासमोर लिहिलेला आकडा खोडायला रबर उचललं.

नत्थूजींनी ते रबर बघितलं. आतापर्यंत त्यांना वाटत होतं की फार तर आपली फजिती होईल. हे निराळं होतं. या पोरीला बरोबर वास आला होता आणि आपल्यामुळे ती स्वतःला खोटं पाडत होती. उद्या ही बाटली कप घेऊन जाईल, लोक तसा मध मागतील, आणि बाहेर वाट बघत असलेल्या एखाद्या इमानदार मधपाळाचा नंबर जाईल. हे आपल्या गप्प बसण्यामुळे होणार. त्यांना खरोखर लाज वाटली, कानाच्या पाळ्या गरम होण्याइतकी.

"खोडू नको बेटा," ते म्हणाले. "तुलेच बरोबर वास आला. मले येतच नाई."

कामिनीला वाटलं, सर्दी झाली असेल.

"सर्दी नाई. चार वर्षं झाले. कोरोनात गेला. मागच्या सालचा मध पायलच्या आईनं निवडला होता. मी नुसता बाटलीत भरला."

कामिनी उठली आणि मधुकररावांना बोलावून घेऊन आली. मधुकररावांनी सगळं ऐकलं. म्हातारा रागावला होता, पण कपावरून नाही.

"चार वर्षं, नत्थूभाऊ? माह्या बागेत येऊन दरसाल पेट्या ठेवता. माह्या घरी जेवता. अन् मले सांगितलं नाई?"

"कसं सांगू जी. तुम्ही माइकवर…"

"माइकचं राहू द्या. तुमचं नाक गेलं, हे मले माहीत असाले पाहिजे होतं का नाई?" मग त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि एकदम कामाचं बोलायला लागले. "नियम काय हाय? ज्याचा मध पहिला, त्यानं परीक्षक व्हायचं. मंग ज्यानं जिंकला तोच बसन. वहिनी कुठं हायेत?"

प्रेमिलाबाई सभागृहात पिशव्या सांभाळत बसल्या होत्या. त्यांना आत आणलं तर आधी दारातच थांबल्या. "मी कायले? मले काय समजते त्यातलं?" नवऱ्याकडे बघितलं. नत्थूजींचा चेहरा बघून त्यांना कळलं की गोष्ट फुटली, आणि मग त्या मुकाट्यानं येऊन खुर्चीत बसल्या. कामिनीनं काही न सांगता सतरा नंबर पुढे सरकवला. प्रेमिलाबाईंनी चाखलासुद्धा नाही. झाकण उघडून नाकाशी नेलं आणि लगेच मिटलं.

"डांबरगोळ्या," त्या म्हणाल्या. "ट्रंकेतल्या स्वेटरवानी."

कामिनीनं टेबलावर हात आपटला. "तेच. मला नाव सुचेना." रिकामी पोळी कपाटात ठेवताना कीड लागू नये म्हणून काही मधपाळ डांबरगोळ्या टाकतात, आणि हंगाम आला की ती पोळी उन्हा-वाऱ्यात न ठेवता तशीच पेटीत घालतात. माश्या त्यात मध भरतात आणि मध तो वास धरून बसतो. बाहेरून ओळखू येत नाही.

मग तिघांनी मिळून काम सुरू केलं. नत्थूजी झाकण उघडून बाटली समोर धरायचे, दोघी हुंगायच्या, चाखायच्या. प्रेमिलाबाईंचं आणि कामिनीचं बहुतेक वेळा जुळायचं; एकदा जुळलं नाही तेव्हा प्रेमिलाबाईंनी पुन्हा चाखून कामिनीचं मानलं. हळूहळू खोलीतला ताण सैल झाला. कामिनीनं सहज विचारलं, "काकू, पेट्यांवरही तुम्ही असंच करता? एवढ्या माश्यांत तोंड घालायची भीती नाही वाटत?"

"वाटते न," प्रेमिलाबाई पुढची बाटली नाकाशी नेत म्हणाल्या. "लय वाटते. अजूनई पाय कापतेत. लहानपणी माह्या आत्यासंगं तलावाकडून येऊन राहिलो होतो, तं आग्या मोहोळ उठलं. आत्यानं मले पाण्यात ढकललं. मी नुसतं नाक वर ठेवून बसली होती. आत्या काठावरच राहिली. ते पुढं कितीक दिवस उठलीच नाई खाटेवरून. तवापासून एक जरी माशी घुमली का पोटात गोळा येते." बाटली त्यांनी खाली ठेवली. "याच्यात कडूनिंबाचा फुलोरा हाय. चांगला हाय, पण संत्र्यात नाई बसत."

नत्थूजींच्या हातात वीस नंबरची बाटली होती. ती तशीच राहिली.

त्यांना हे ठाऊक नव्हतं. आत्या एकदा आजारी होती एवढंच त्यांच्या कानावर होतं. चार वर्षं ही बाई उघड्या पेटीसमोर येऊन खांबासारखी ताठ उभी राहायची, एक शब्द बोलायची नाही, वास सांगायची आणि झपाझप घरात निघून जायची. नत्थूजींना वाटायचं, तिला कंटाळा येतो, तिची मालिका चुकते. एकदोनदा त्यांनी थट्टाही केली होती. चौकटीपाशी नाक न्यायचं तर जाळी वर करावी लागायची. तीही ती करायची, आणि ते म्हणायचे, जरा जवळ जा न, घाबरली का काय.

संध्याकाळी निकाल लागला. कप काटोलजवळच्या वैभवी नावाच्या मुलीला मिळाला. तो प्रेमिलाबाईंनी दिला, कारण मधुकररावांनी माइकवरून परीक्षक म्हणून त्यांचंच नाव पुकारलं. सभागृहात जरा कुजबुज झाली. मग आभारप्रदर्शन पुकारलं आणि नत्थूजी माइकपाशी आले.

दरवर्षीप्रमाणे त्यांनी मंडपवाल्यापासून सुरुवात केली, आणि दुसऱ्याच नावाला थांबले.

"मले वास येत नाई," ते म्हणाले. "चार वर्षांपासून. मागच्या सालचा कप माहा नव्हता. तो माह्या घरच्या बाईचा होता. मी उसन्या नाकावर चाललो."

मागून कोणीतरी विचारलं, "मंग खर्रा कसा लागते नत्थूभाऊ?" लोक हसले. नत्थूजीही हसले, पण ते हसू टिकलं नाही.

"ही बाई माशीले भिते," ते म्हणाले. "हे मले आज दुपारी समजलं. पस्तीस वर्षं झाले लग्नाले, अन् आज समजलं. भिते, अन् तरी माह्यासाठी चार वर्षं पेटीत तोंड घालून राहिली."

ज्या माणसाला आजवर माइकवरून खाली उतरवावं लागायचं, त्याला शब्द सापडेना. खुर्च्या सरकल्या नाहीत. नत्थूजी वळले आणि मंचावर सगळ्यांच्या देखत त्यांनी बायकोला हात जोडले. उमरेडच्या माणसानं, नातू खेळवायच्या वयात. प्रेमिलाबाईंनी मान खाली घातली आणि त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "पुरे झालं. लोक पाहून राहिले." पण जोडलेले हात त्यांनी हातात धरून खाली केले, आणि जरा वेळ सोडले नाहीत.

जेवणाच्या रांगेत मंडळातली माणसं एकेक करून भेटायला आली. कोणी कपाचा विषय काढला नाही. सदरमध्ये मोबाइलचं दुकान असलेला दुर्गेश आला आणि हळूच विचारलं, सतरा नंबर काहून बाद झाला. प्रेमिलाबाईंनी त्याला एका बाजूला नेऊन पोळी उन्हात कशी ठेवायची ते समजावलं. मधुकररावांनी आपल्या हातानं नत्थूजींच्या ताटात वाढलं आणि म्हणाले, पुढच्या बहरात लवकर या. नत्थूजींच्या मनात येत होतं, ही माणसं आपल्याला खोटं ठरवतील म्हणून आपण चार वर्षं घाबरलो, आणि यांनी तर ताट वाढलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी प्रेमिलाबाई बसल्या, शेजारी नत्थूजी. नागपूर मागे पडलं.

"पायलची आई," मग नत्थूजी म्हणाले, "आता तू नको येऊ वं पेटीपाशी. दुर्गेशले बोलावून घेत जाईन मी. जवान माणूस हाय, नाक हाय चांगलं."

"त्यानंच तं डांबरगोळ्या टाकल्या होत्या."

"मंग दुसऱ्या कोणाले पाहीन."

प्रेमिलाबाईंनी पदर सारखा केला. बस थांबली, माणसं चढली, बस निघाली.

"येईन मीच," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचा भरवसा नाई. फक्त एक करा. पेटी उघडली का तुम्ही पलीकडून नका उभे राहत जाऊ. माह्या बाजूले उभे राहत जा."

चार वर्षं नत्थूजी समोर उभे राहिले होते, कारण चौकट धरायला ते सोयीचं पडायचं. दुसऱ्या बाजूनंही धरता येते, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"बरं," ते म्हणाले.